मांजराच्या गळ्याला पट्ट्याचा काच

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न आपल्याकडे मंत्रालयापासून गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत सर्वत्र विचारला जातो. घरातल्या मांजराच्या बाबतीत मात्र तो केव्हाच सुटलेला आहे. पिल्लू घरी आले की दोन दिवसांत त्याच्या गळ्यात घुंगराचा लाल पट्टा येतो. पुढे पिसवा झाल्या की त्याच्या जोडीला औषधी पट्टा येतो आणि एकदा बांधलेला पट्टा झिजून तुटेपर्यंत तसाच राहतो. त्याखालची त्वचा पाहण्याची वेळ येते ती मानेभोवती केस गेलेले कडे दिसू लागल्यावर. मग कोणी गजकर्ण समजून मलम चोळतो, कोणी 'उष्णता झाली' म्हणून मासळी बंद करतो. पट्टा मात्र गळ्यातच असतो.

पट्ट्यामुळे होणारा त्रास हा एकच एक आजार नाही. नुसत्या घर्षणाने केस तुटणे, पट्ट्याखाली ओल साचून त्वचा कुजणे, पट्ट्याच्या साहित्याची किंवा रंगाची ॲलर्जी, औषधी पट्ट्यातील कीटकनाशकाने त्वचा पोळणे आणि चुकीच्या मापाचा पट्टा मांसात रुतणे, असे हे निरनिराळे प्रकार आहेत. त्यांची लक्षणे सुरुवातीला सारखी दिसतात. उपाय मात्र वेगळे आहेत आणि काहींत उशीर झाला तर शस्त्रक्रियेखेरीज मार्ग उरत नाही.

मानेचीच जागा का?

मांजराची त्वचा दिसते त्यापेक्षा बरीच पातळ व सैल असते. दाट केसांच्या आवरणाखाली ती सुरक्षित राहते. हे आवरण एका जागी नाहीसे झाले की त्या जागेचे संरक्षण संपते. शिवाय मांजर दिवसाचा मोठा वेळ स्वतःला चाटून साफ करण्यात घालवते. पण स्वतःची मान त्याला चाटता येत नाही. तिथे खाज सुटली तर त्याच्यापाशी एकच साधन उरते, ते म्हणजे मागच्या पायाची नखे. मानेवरच्या बहुतेक जखमा पट्ट्याने थेट केलेल्या नसतात. पट्टा खाज निर्माण करतो आणि जखम नखे करतात. पट्टा काढून टाकल्यानंतरही काही दिवस जखम वाढताना दिसते त्याचे कारण हेच. खाजेचे हे चक्र एकदा सुरू झाले की ते मूळ कारण दूर झाल्यावर लगेच थांबत नाही.

साधे घर्षण आणि ओल

सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपद्रवी प्रकार घर्षणाचा. पट्टा मानेवर सतत सरकत राहतो आणि त्याच्या कडेला येणारे केस मुळातून न गळता मध्येच तुटतात. मानेभोवती पट्ट्याच्या रुंदीएवढी, कमी-अधिक सारखी, विरळ केसांची पट्टी दिसते. त्वचा लाल नसते, खपल्या नसतात, मांजर खाजवत नाही. पशुवैद्यक असे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तेव्हा त्यांची टोके निमुळती न दिसता तुटकी दिसतात. पट्टा काढला की केस परत येतात. त्याला दोन-तीन महिने लागू शकतात, तेव्हा पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून घाबरू नये. सयामी जातीच्या मांजरांत नवे केस पूर्वीपेक्षा गडद रंगाचे येण्याचा संभव असतो. त्यांच्या केसांचा रंग त्वचेच्या तापमानावर ठरतो आणि केस गेलेली जागा थंड राहते. तो आजार नव्हे.

लांब केसांच्या पर्शियन मांजरांचा प्रश्न थोडा निराळा आहे. मुंबई-पुण्यात गेल्या काही वर्षांत ही मांजरे बरीच दिसू लागली आहेत. त्यांच्या मानेभोवतीचे मऊ केस पट्ट्याखाली गुंतून त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर होतो. हा थर त्वचा सतत ओढत राहतो आणि खाली हवा पोहोचू देत नाही. कात्रीने तो कापू पाहणाऱ्यांच्या हातून सैल त्वचा कापली गेल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना नवी नाहीत. हे काम यंत्राने आणि जाणकारानेच करावे.

कोकण किनारपट्टीवर आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हा ओलीचा काळ. कापडी किंवा नायलॉनचा पट्टा एकदा भिजला की दमट हवेत तो लवकर वाळत नाही. मांजर पाणी पिताना, दूध सांडताना, गॅलरीत भिजताना तो रोज थोडा थोडा ओला होतो. ओल्या पट्ट्याखाली त्वचा मऊ पडते आणि एरवी त्वचेवर निमूटपणे राहणारे जंतू व यीस्ट यांना वाढीला वाव मिळतो. लालसर, चिकट, कुबट वास येणारी त्वचा ही त्याची खूण. पाऊस सुरू असेपर्यंत घरातल्या मांजराचा पट्टा काढून ठेवला तर बिघडत काहीच नाही.

पट्ट्याच्या साहित्याची ॲलर्जी तुलनेने कमी आढळते. पण तिला ओळखणे कठीण. रबरातील रसायने, कातडे कमावताना वापरलेली क्रोमियमची संयुगे, स्वस्त रेक्झिनवरचे रंग, बक्कल व घुंगरातील निकेल यांपैकी कशाचीही ॲलर्जी होऊ शकते. ही ॲलर्जी पहिल्याच दिवशी उठत नाही. शरीराला त्या पदार्थाची 'ओळख' व्हावी लागते. त्यामुळे 'हाच पट्टा सहा महिने गळ्यात होता, तेव्हा काही झाले नाही' हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. त्रास फक्त घुंगराखालीच असेल तर संशय धातूवर घ्यावा, पूर्ण कड्यावर असेल तर पट्ट्याच्या साहित्यावर.

औषधी पट्ट्यांची कहाणी

खरी चिंता आहे ती पिसवा व गोचीड मारणाऱ्या औषधी पट्ट्यांची. १९६०च्या दशकात अमेरिकेत असे पट्टे बाजारात आले. प्लास्टिकच्या पट्टीत डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक मुरवलेले असे आणि त्याची वाफ हळूहळू बाहेर पडत राही. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हेच रसायन 'नुवान' या नावाने परिचित होते. या पट्ट्यांनी कुत्र्या-मांजरांच्या माने पोळतात, असे थोड्याच वर्षांत पशुवैद्यकांच्या ध्यानात आले आणि १९७०च्या सुमारास 'पिसूपट्ट्याचा त्वचादाह' हा स्वतंत्र विकार म्हणून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला. भारत सरकारच्या २०१८च्या आदेशानुसार डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली.

या दाहाची लक्षणे घर्षणापेक्षा अगदी वेगळी असतात. पट्टा बांधल्यापासून काही तासांत वा काही दिवसांत त्याखाली लाली येते, मांजर अस्वस्थ होऊन मान झाडते, पट्टा ओढते. पुढे केस झुपक्याने गळतात, त्वचा ओलसर होते, फोड किंवा व्रण येतात. गंभीर प्रकारांत पट्ट्याच्या पलीकडेही, छातीपर्यंत दाह पसरतो. हे विष जखमेतून व चाटण्यातून शरीरात गेले तर लाळ गळणे, उलट्या, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू थरथरणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसू शकतात. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील रसायनांच्या विषबाधेची ही लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत घालवलेला प्रत्येक तास मांजराच्या जिवावर बेततो.

डायक्लोरव्हॉसनंतर इतर रसायने आली आणि त्यांच्यावरही प्रश्नचिन्हे लागली. प्रोपॉक्झर हे कार्बामेट गटातील कीटकनाशक असलेल्या पट्ट्यांबाबत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे 'ईपीए'ने, २०१४ मध्ये उत्पादकांशी करार करून ते टप्प्याटप्प्याने बाजारातून काढून घ्यायला लावले. तिथे मुख्य काळजी मांजराची नव्हती. पट्टा बांधल्यानंतर जनावराच्या अंगावर उतरणारे रसायन त्याला कुरवाळणाऱ्या लहान मुलांच्या हातातोंडात जाते, ही होती. टेट्राक्लोरव्हिन्फॉस या ऑर्गॅनोफॉस्फेटच्या पट्ट्यांची नोंदणी रद्द करण्याचा प्रस्ताव याच संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मांडला; त्यामागेही मुलांच्या आरोग्याचाच विचार होता. मांजराला उशाशी घेऊन झोपणाऱ्या मुलांची संख्या आपल्याकडेही कमी नाही.

नव्या पिढीचे पट्टे निराळ्या तत्त्वावर चालतात. सर्वांत प्रसिद्ध असलेल्या 'सेरेस्टो' या पट्ट्यात १० टक्के इमिडाक्लोप्रिड आणि ४.५ टक्के फ्लुमेथ्रिन अशी दोन रसायने असतात. ती वाफ होऊन उडत नाहीत. पट्ट्याच्या पृष्ठभागावर थोडी थोडी येत राहतात आणि त्वचेवरील तेलकट थरातून संपूर्ण अंगभर पसरतात. जुन्या पट्ट्यांचा प्रभाव मानेच्या आसपासच टिके आणि पिसवा निवांतपणे शेपटीकडे मुक्काम हलवीत. हा दोष नव्या पट्ट्यांत नाही आणि त्यांचा परिणाम सात-आठ महिने राहतो. मात्र दहा आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांना तो बांधू नये, असे माहितीपत्रकातच म्हटलेले आहे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पट्ट्याच्या जागी सौम्य खाज, लाली व केसगळती होऊ शकते आणि ती बहुधा आपोआप जाते, असेही त्यात नमूद आहे. त्वचादाह, इसब किंवा व्रण क्वचित होतात आणि तसे झाल्यास पट्टा काढण्याची शिफारस उत्पादकच करतात.

याच पट्ट्याविषयी मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत मोठे वादळ उठले. २०१२ पासून 'ईपीए'कडे या पट्ट्याबद्दल ७५ हजारांहून अधिक तक्रारी आल्या होत्या आणि त्यांत सुमारे १,७०० पाळीव प्राण्यांच्या मृत्यूंचा उल्लेख होता, असे तेथील वृत्तपत्रांनी उघड केले. आकडा दचकवणारा आहे. पण तो वाचताना एक भान ठेवले पाहिजे. अशी तक्रार म्हणजे कारणमीमांसा नव्हे. पट्टा गळ्यात असताना जे काही घडले ते त्यात नोंदले जाते, ते पट्ट्यामुळेच घडले असे नाही आणि विकल्या गेलेल्या पट्ट्यांची संख्या कोट्यवधी होती. फेरतपासणीनंतर जुलै २०२३ मध्ये संस्थेने या पट्ट्याची विक्री सुरू ठेवण्यास परवानगी दिली. ही परवानगी पाच वर्षांच्या मर्यादेत आणि वेष्टनावर ठळक इशारे छापण्याच्या व तक्रारींचा अधिक तपशीलवार अहवाल देण्याच्या अटींवर आहे. याचा सरळ अर्थ असा, की बहुसंख्य मांजरांना हा पट्टा सोसतो आणि काहींना सोसत नाही. आपले मांजर कोणत्या गटातले, हे पहिल्या दोन आठवड्यांत रोज मान पाहिल्याखेरीज कळत नाही.

कुत्र्याचा पट्टा मांजराला नको

कुत्र्यासाठीचा पट्टा कापून मांजराच्या गळ्यात बांधण्याची 'काटकसर' अनेक घरांत केली जाते. दुकानदारही कधी कधी तसा सल्ला देतात. हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो. मांजराच्या यकृतात काही विषारी द्रव्ये निकामी करण्याची जी यंत्रणा असते ती इतर प्राण्यांच्या मानाने दुबळी आहे. ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून ती द्रव्ये बाहेर टाकण्याची क्षमता त्याच्यात फारच कमी असते. त्यामुळे कुत्र्याला सहज पचणारे परमेथ्रिन मांजराला झटके आणते. डेल्टामेथ्रिन आणि अमिट्राझ यांचे कुत्र्यांसाठीचे पट्टेही मांजरासाठी नाहीत. फ्लुमेथ्रिन हे त्याच कुळातले असले तरी मांजरासाठीच्या पट्ट्यात ते ठरावीक प्रमाणात व अत्यंत मंद गतीने बाहेर पडेल अशी रचना असते, म्हणून ते चालते. 'दोन्हींत एकच औषध आहे' असे म्हणून कुत्र्याचा पट्टा मांजराला बांधता येत नाही, तो याचसाठी.

घटक, त्यांचे प्रमाण, कोणत्या प्राण्यासाठी आणि मुदत कधीपर्यंत, या चार गोष्टी वेष्टनावर छापलेल्या नसतील तर तो पट्टा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत सुटा मिळणारा उग्र वासाचा पट्टा हा तर सरळसरळ अज्ञात विषाचा तुकडा आहे.

रुतलेला पट्टा

रसायनाइतकीच भीषण इजा साध्या दोऱ्यानेही होते. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा, घरातल्या मुलीने खेळताना अडकवलेले केसांचे रबर, पिल्लूपणी बांधलेला आणि नंतर सैल करायचा राहून गेलेला पट्टा, या तिन्हींचा शेवट एकच. मांजराचे पिल्लू पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने वाढते. मान वाढते, दोरा वाढत नाही. तो आधी केस कापतो, मग त्वचा आणि नंतर त्याखालच्या मांसात शिरतो. वरून केसांनी तो झाकलेला असल्याने नजरेला काहीच दिसत नाही. मालकाच्या लक्षात येते ती दुर्गंधी, मानेवरची सूज किंवा खाणे सोडलेले मांजर. असा दोरा घरी ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याखाली मोठ्या रक्तवाहिन्या असतात. भूल देऊनच तो काढावा लागतो.

दुसरी इजा सैल पट्ट्याची आहे आणि ती कित्येकांना ऐकूनही ठाऊक नसते. पट्टा सैल असला की मांजर तो काढण्याच्या धडपडीत पुढचा एक पाय त्यातून बाहेर काढते. पट्टा मग मानेवरून एका काखेत तिरका अडकतो. मांजर घरी परतले तर हे लगेच कळते. पण अशी मांजरे अनेकदा घाबरून लपतात किंवा दूर जातात आणि आठवड्यांनी सापडतात, तोवर काखेत खोल जखम झालेली असते. ही जखम भरून येणे अत्यंत कठीण. प्रत्येक पावलागणिक तेथील त्वचा हलते आणि टाके उसवतात. एकदा शिवली, पुन्हा उघडली, असे महिनोन्‌महिने चालू राहते. अखेर शल्यविशारद पोटातील ओमेंटम नावाचा रक्तवाहिन्यांनी समृद्ध पडदा त्वचेखालून काखेपर्यंत आणून जखमेला नवा रक्तपुरवठा मिळवून देतात आणि शेजारची त्वचा फिरवून वर बसवतात. शंभर रुपयांच्या पट्ट्यापायी एवढी मोठी शस्त्रक्रिया! सैल पट्ट्यात खालचा जबडाही अडकू शकतो, हे आणखी एक.

याचसाठी इलॅस्टिकच्या पट्ट्याविषयी सावध राहावे. तो ताणला जातो म्हणून सुरक्षित वाटतो. परंतु ताणला जातो म्हणूनच पाय त्यातून सहज आत शिरतो. ब्रिटनमधील इंटरनॅशनल कॅट केअर ही संस्था इलॅस्टिकऐवजी झटका बसताच उघडणाऱ्या बक्कलचा पट्टा सुचवते. आपल्याकडच्या दुकानांत 'सेफ्टी बक्कल' म्हणून जे मिळते ते खरोखर उघडते का, हे विकत घेण्याआधी दोन्ही हातांनी ओढून पाहावे. मोठ्या माणसाला जोर लावावा लागत असेल तर तीन किलोच्या मांजराचे वजन ते कसे उघडणार?

धोका किती, याचा अंदाज देणारा एक अभ्यास अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ५३८ मांजरांना तीन प्रकारचे पट्टे बांधून सहा महिने त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी ३९१ मांजरांनी, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांनी, पट्टा शेवटपर्यंत वागवला. १८ मांजरांचा, म्हणजे ३.३ टक्क्यांचा, पुढचा पाय पट्ट्यात अडकला किंवा पट्टा तोंडात वा कशात तरी अडकला. पट्टा सर्रास घातकी नाही, हे यातून दिसते; पण तीसात एक हे प्रमाण 'माझ्या मांजराला काही होणार नाही' असे म्हणण्याइतके लहानही नाही.

दोष पट्ट्याचा नसतो तेव्हा

मानेवरचे केस गेले की पट्ट्यावर खापर फोडून मोकळे होणे, ही दुसऱ्या टोकाची चूक. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या मांजराला नेमकी मान, डोके व कंबर या भागांत खाज सुटते, मोहरीएवढ्या बारीक खपल्या येतात. त्वचेवर बोट फिरवले तर त्या आधी हाताला लागतात, मग डोळ्यांना दिसतात. असे मांजर पाहून मालक औषधी पट्टा बांधतो. मुळात असलेले व्रण पट्ट्याखाली चिघळतात आणि दोष पट्ट्याला मिळतो. अन्नाची ॲलर्जीही मांजरात बहुधा डोके व मान खाजण्यानेच प्रकट होते. मांजराची खरूज कानाच्या कडांपासून सुरू होऊन चेहरा व मानेकडे उतरते आणि त्वचा जाड, राखाडी, खपलीदार होते.

सर्वांत महत्त्वाचा अपवाद गजकर्णाचा. 'मायक्रोस्पोरम कॅनिस' या बुरशीमुळे होणारा हा विकार पिल्लांत व पर्शियन मांजरांत अधिक आढळतो आणि तो मांजराकडून माणसांना होतो. घरातल्या मुलाच्या हातावर वा मानेवर गोल, लाल कडांचा चट्टा उठला असेल आणि मांजराचेही केस जात असतील, तर पट्टा काढून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. पशुवैद्यक अशा वेळी वूड्स दिव्याच्या जांभळ्या प्रकाशात केस पाहतात. या बुरशीने ग्रासलेले केस पुष्कळदा हिरवट चमकतात. चमकले नाहीत म्हणून बुरशी नाही असे मात्र ठरत नाही, त्यासाठी केसांचे कल्चर करावे लागते आणि त्याच्या निकालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

ढोबळ खूण अशी, की पट्ट्याचा त्रास पट्ट्याची मर्यादा पाळतो. केस गेलेला भाग सारख्या रुंदीचा आणि कड्यासारखा असेल तर पट्टा संशयित ठरतो. चट्टे विखुरलेले असतील, कानांवर, पायांवर, शेपटीवरही असतील तर कारण दुसरे शोधावे.

मलम लावण्याआधी

पट्ट्याखाली लाली दिसताच पहिली गोष्ट पट्टा काढण्याची. तो औषधी असेल तर मानेचा भाग कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन, टिपून कोरडा करावा. साधा असेल तर नुसता कोरडा ठेवावा. खाजवणे थांबत नसेल तर मागच्या पायांची नखे कापून घ्यावीत. जखम झाली असेल तर मानेवर पट्टी बांधून ठेवू नये. त्याने पुन्हा तीच ओल साचते.

यापुढे जे करू नये त्याची यादी लांबलचक आहे. डेटॉलसारखी फिनॉलवर्गीय जंतुनाशके मांजराला अपायकारक आहेत. टी-ट्री तेल, कापूर, रॉकेल यांचे प्रयोग जीवघेणे ठरू शकतात. पिसवा घालवण्यासाठी रॉकेल चोळण्याची जुनी पद्धत अजून पूर्णपणे गेलेली नाही, हे दुर्दैव. औषधाच्या दुकानात माणसांसाठी सर्रास मिळणारे स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक अशा तिहेरी मिश्रणाचे मलम तर मुळीच लावू नये. त्याने दोन दिवस लाली उतरते, गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरते आणि मांजराने मागच्या पायाने पुसलेले मलम शेवटी त्याच्या पोटात जाते. दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देणे म्हणजे मांजराला विष देणे होय.

पट्टा काढल्यावर दोन-तीन दिवसांत लाली ओसरली पाहिजे. तसे न झाल्यास, पू, वास वा सूज असल्यास, मांजराने खाणे सोडल्यास किंवा लाळ व थरथर दिसल्यास दवाखाना गाठावा. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे आणि त्याच आवारात १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही. राज्यातील इतर पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही त्वचेच्या तपासण्या होतात.

पट्टा हवाच का?

पूर्णपणे घरात राहणाऱ्या मांजराला पट्ट्याची गरज बहुधा मालकाच्या हौसेपुरतीच असते. बाहेर फिरणाऱ्याची गोष्ट वेगळी. घुंगराने पक्षी वाचतात, हा समज निराधार नाही. स्कॉटलंडमधील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घंटा बांधलेल्या मांजरांची शिकार जवळपास निम्म्यावर आली होती. ओळखीसाठी त्वचेखाली बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप हा पट्ट्याला चांगला पर्याय आहे. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजरांना ती सक्तीची झाली. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांसाठीही परवान्याचा निर्णय घेतला. पण हरवलेले मांजर शेजारच्या इमारतीत सापडले तर तिथल्या रहिवाशाकडे चिप वाचण्याचे यंत्र नसते. त्याला दिसतो तो पट्ट्यावर लिहिलेला फोन क्रमांकच. म्हणून चिप असली तरी फिरस्त्या मांजराच्या गळ्यात झटक्यात उघडणारा हलका पट्टा असावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते.

असा पट्टा बांधताना मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे सपाट सरकली पाहिजेत; त्याहून घट्ट नको आणि त्याहून सैलही नको. पिल्लाचे माप दर आठवड्याला, मोठ्या मांजराचे महिन्यातून एकदा तपासावे. रात्री पट्टा काढून ठेवता येत असेल तर उत्तमच. औषधी पट्टा बांधायचा झाल्यास जखम वा खपली असलेल्या मानेवर तो बांधू नये आणि जादा लांबी कापून टाकावी, नाहीतर मांजर किंवा घरातले दुसरे जनावर ते टोक चघळत बसते. शिवाय पट्ट्याने मांजरावरच्या पिसवा मरतात, घरातल्या नव्हे. एक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते आणि ती गळून गादीत, सोफ्याच्या फटींत, पायपुसण्यात पडतात. मांजराची अंथरुणे गरम पाण्यात धुणे आणि कोपरे व्हॅक्यूमने किंवा निदान केरसुणीने रोज साफ करणे चालू ठेवले नाही, तर पट्टा बदलूनही खाज तीच राहते.

दवाखान्यात जाताना गळ्यातून काढलेला पट्टा फेकून न देता प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून सोबत न्यावा, आणि त्याचे वेष्टन जपून ठेवले असेल तर तेही. त्यावर छापलेल्या घटकांवरून विषबाधेचे उपचार ठरतात.